चारशे बत्तीस उजवे ब्रॅकेट

लांब पल्ल्याच्या नव्या शयनयान गाडीचे डबे तीन वर्षे उशिरा चालले होते. रुळांवर नव्हे, ते अजून रुळांवर आलेच नव्हते. दक्षिणेकडच्या एका डबे-कारखान्यात ते चाकांविना, लाकडी ठोकळ्यांवर उभे होते, आणि त्यांच्या उशिराचे कारण दरवर्षी बदलत असे. पहिल्या वर्षी चाके परदेशातून यायची होती. दुसऱ्या वर्षी चाके आली, पण आसनांच्या कापडाचा रंग ठरेना. तिसऱ्या वर्षी रंग ठरला, तेव्हा शौचालयाचे दार कोणत्या बाजूला उघडावे यावर समिती बसली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र उशिराचे एकच अधिकृत कारण उरले, आणि ते कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या शेडमध्ये तयार झाले होते.

आमच्या कारखान्याचे नाव ‘जयवंता इंजिनिअरिंग वर्क्स’. कामगार अकरा, ड्रिल यंत्रे दोन. डब्यातला वरचा बर्थ ज्या पोलादी ब्रॅकेटांवर टेकतो, ते आम्ही बनवतो. प्रत्येक बर्थला एक डावा आणि एक उजवा. मी या कारखान्याचा गुणवत्ता प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे हे पद मिळवणे फारसे अवघड गेले नाही. शिक्षण पदार्थविज्ञानाचे, मोजता येत नाही अशा गोष्टीवर मत देण्याचे मी टाळतो.

सोमवारी आलेल्या पत्रात मोजता येणारी गोष्ट होती. पाठवलेल्या चारशे बत्तीस डाव्या ब्रॅकेटांपैकी सर्व बसले होते. चारशे बत्तीस उजव्या ब्रॅकेटांपैकी एकही बसला नव्हता. टेकूच्या कडेपासून खिट्टीच्या भोकापर्यंतचे अंतर १८०.० मिलिमीटर हवे, ते १८०.६ भरत होते. चालणारा फरक ०.२ होता. पत्राच्या शेवटी तीन रकान्यांचा तक्ता होता: दोषाचे मूळ कारण, जबाबदार व्यक्तीचे नाव, केलेली कारवाई. तिन्ही रकाने शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरून पाठवायचे होते. अन्यथा ऑर्डर रद्द.

आमचा तरुण मालक मोहित याला त्या दिवशी सकाळपासून फोन येत होते. खिडक्या बनवणाऱ्याचा आला, पंखे बनवणाऱ्याचा आला, उशीच्या खोळी शिवणाऱ्याचाही आला. सगळे हळहळत होते. सगळ्यांच्या आवाजात एक तरतरी होती. त्यांच्यापैकी कुणाचाही माल तयार नव्हता. पण आता गाडी जयवंताच्या ब्रॅकेटमुळे अडली होती, त्यामुळे त्यांना कुणी विचारणार नव्हते.

“खिडकीवाला म्हणते, टेन्शन नको घेऊ, आरामात बनव,” मोहितने फोन ठेवत सांगितले. “दोन वर्षांत पहिल्यांदा इतक्या प्रेमानं बोलला.”

मग त्याने दार लोटून घेतले आणि मला म्हणाला, “सर, तिसरा रकाना सोपा आहे. दुसऱ्यात कवडूकाकांचं नाव टाकून देऊ. मार्चमध्ये ते तसेही रिटायर होऊन राहिले. तीन महिने आधी घरी बसतील. पगार पूर्ण देऊ ना आपण.”

“आणि पहिल्या रकान्यात?”

“मानवी चूक.”

“कोणती?”

“ते तुम्ही शोधा. तुम्ही सायन्सवाले.”

दार लोटल्याने आवाज थांबतो, ही समजूत पत्र्याच्या शेडमध्ये टिकत नाही. कवडूभाऊ बाहेरच उभे होते. गेली एकतीस वर्षे ते उजव्या आणि डाव्या, दोन्ही ब्रॅकेटांची भोके पाडत आले आहेत, आणि या एकतीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आलेला नव्हता. हे मी त्यांच्याविषयीच्या आदरापोटी म्हणत नाही. नोंदवहीत तसे आहे. रोजचा पहिला ब्रॅकेट ते बोटाच्या पेराने वाजवतात आणि कान लावून ऐकतात. या पद्धतीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी गेल्या वर्षी साठ दिवस तिची स्वतंत्र वही ठेवली. साठ वेळा त्यांनी निदान केले, सत्तावन्न वेळा ते बरोबर निघाले. विश्वास अजूनही नाही. वही मात्र फेकून दिलेली नाही.

“साहेब,” कवडूभाऊ म्हणाले, “मले उद्यापासून येऊ नको म्हना, मी नाई येणार. पण कवडूचा पीस चुकला असं कागदावर नका लिहू जी.”

“पीस चुकला आहेच, कवडूभाऊ. चारशे बत्तीस वेळा चुकला आहे.”

“मंग डावे कसे नाई चुकले? डावे का माह्या साल्यानं केले?”

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. तोच माणूस, तेच यंत्र, तोच दिवस, तेच पोलाद. फरक फक्त बाजूचा. मोहितने मात्र त्यातून वेगळा निष्कर्ष काढला.

“काका, मागच्या साली तुमचा उजवा हात फ्रॅक्चर झाला होता ना?”

“डावा झाला होता, बाबू.”

“मग तर अजूनच…” असे म्हणून मोहितने वाक्य सोडून दिले. डावे ब्रॅकेट डाव्या हाताने बनवत नाहीत, हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

“म्या घरी सांगून ठेवलं होतं,” कवडूभाऊ माझ्याकडे पाहत म्हणाले. “मार्च झाला का नव्या गाडीनं जाऊ, माह्याच बर्थवर निजून. बायको म्हनते, वरच्या बर्थवर मी नाई चढत. आता तिले काय सांगू, माह्यामुळं गाडीच नाई निघाली?”

शुक्रवारला चार दिवस होते. माझे काम स्पष्ट होते: ०.६ मिलिमीटर कुठून आले ते शोधणे. ते सापडले नाही, तर दुसऱ्या रकान्यात कवडूभाऊंचे नाव जाणार होते, आणि माझ्या सहीनेच जाणार होते.

*

पहिला संशय तापमानावर होता. आमच्याकडे डिसेंबरच्या सकाळी शेडमध्ये बारा अंश असतात, दक्षिणेत अठ्ठावीस. पोलाद तापले की प्रसरण पावते. एकशे ऐंशी मिलिमीटर लांबी आणि सोळा अंशांचा फरक घेतला, तर प्रसरण सुमारे ०.०३५ मिलिमीटर होते. म्हणजे हवे त्याचा सतरावा भाग. शिवाय प्रसरण डाव्या ब्रॅकेटाला सूट देत नाही. हा संशय मी सोमवारी साडेबारालाच निकालात काढला.

मंगळवारी मोहितने स्वतःचा तज्ज्ञ आणला. या वास्तुतज्ज्ञांनी शेडच्या मध्यभागी उभे राहून मोबाइलमधले होकायंत्र उघडले आणि ड्रिल यंत्राचे तोंड नैर्ऋत्येला असल्याचे सांगितले. दोन टन लोखंडाशेजारी होकायंत्राची सुई कुठेही फिरते. यंत्रापासून चार पावले मागे गेलात तर तेवीस अंशांचा फरक दिसेल, असे मी त्यांना नम्रपणे दाखवले.

“तीच तर ऊर्जा आहे,” ते म्हणाले.

मंगळवार दुपार आणि संपूर्ण बुधवार ड्रिल यंत्र फिरवण्यात गेले. त्यासाठी शेजारच्या शेडमधून वजन उचलायची साखळीची घोडी आणावी लागली आणि पाया नव्याने फोडावा लागला. बुधवारी संध्याकाळी पाच उजवे ब्रॅकेट बनवून पाहिले. ते कारखान्यातल्या मापकावर तंतोतंत १८०.० आले, म्हणजे नेहमीप्रमाणेच आले. आणि बाजारातून नव्या घेतलेल्या पट्टीवर १८०.६ आले, म्हणजेही नेहमीप्रमाणेच. चूक तशीच होती. फक्त आता तिचे तोंड ईशान्येकडे होते.

“नजर लागली आहे,” मोहितची आई शोभाताई म्हणाल्या. कारखाना त्यांचे दिवंगत पती रामाजी यांनी काढलेला. त्या रोज अकरा वाजता कामठीच्या बाजूच्या घरून डब्यात सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येत. “समोरच्या शेडवाल्यानं दिवाळीत म्हटलं होतं, तुमचं काम जोरात सुरू आहे. त्याच दिवशी माह्या मनात आलं.”

“शोभाताई, दोषी नग ऑक्टोबरपासूनचे आहेत. दिवाळी त्यानंतर आली.”

“मंग त्यानं आधी मनात म्हटलं असंल, तोंडानं मागून.”

या सिद्धांतात सर्व निरीक्षणे बसतात. तोच त्याचा दोष आहे. पण हे मी बोललो नाही, कारण डब्यात भरीत होते.

इथे आमच्या मोजणीची पद्धत सांगितली पाहिजे. कारखान्यात दोन ‘मास्टर’ आहेत, एक उजवा, एक डावा. मास्टर म्हणजे ब्रॅकेटाचा आदर्श नमुना: जाड पोलादाचा, अचूक घासलेला, कधीही न विकायचा. दर सोमवारी तो ड्रिल यंत्रावर ठेवून यंत्र जुळवायचे. तपासणीचे मापकही त्याच्यावरच शून्यावर आणायचे. डबे बदलले, त्यांचे रंग बदलले, गाड्यांची नावे बदलली. हे एकशे ऐंशी मिलिमीटर अंतर मात्र कुणी बदलले नाही. उजवा मास्टर रामाजींनी कारखाना काढला तेव्हा स्वतःच्या हाताने घासून केला होता. तेव्हा आम्हांला फक्त उजव्याची ऑर्डर होती. डावा पुष्कळ नंतर पुण्याहून विकत आणला. कुणी त्यांचा हातोडा किंवा ऐरण म्हणून उपयोग करू नये, यासाठी दोघांच्याही बाजू लाल रंगाने रंगवल्या आहेत. फक्त मोजायची कड उघडी, चकचकीत ठेवली आहे.

अशा व्यवस्थेत यंत्र, मापक आणि तयार माल हे तिघे नेहमी एकमेकांशी सहमत असतात. वस्तुस्थितीशी ते सहमत आहेत की नाहीत, हे फक्त मास्टरवर अवलंबून असते. आणि मास्टर बरोबर असल्याचे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र माझ्या टेबलाच्या काचेखाली होते. दिनांक बारा सप्टेंबर. मी ते सोमवारपासून अकरा वेळा वाचले होते.

*

गुरुवारी सकाळी मयुरा आली. ती डबे-कारखान्याच्या वतीने तपासणी करणाऱ्या संस्थेत अभियंता होती. जरीपटक्याहून स्कूटरने आली होती आणि तिच्या पाठपिशवीत मोजमापाचा स्वतःचा व्हर्नियर कापडी खोळीत गुंडाळलेला होता. वय सव्वीस-सत्तावीस. चहा नको म्हणाली. आमच्या शेडमध्ये चहा नाकारणारी ती पहिलीच तपासनीस होती, त्यामुळे मोहित घाबरला.

“मास्टर कुणी मोजला, सर?”

“प्रयोगशाळेने. हे प्रमाणपत्र.”

“हे वाचलं मी. आज कुणी मोजला?”

“प्रमाणपत्र वर्षभर वैध असतं.”

“प्रमाणपत्र वैध आहेच. मास्टर आहे का, ते बघू.”

मी कपाटातून दोन्ही मास्टर काढून टेबलावर ठेवले. तिने डावा मोजला: १८०.००. उजवा मोजला: १८०.५८.

“तुमचा व्हर्नियर चुकत असेल,” मी म्हणालो.

“डाव्यावर नाही चुकला.”

“पुन्हा मोजा.”

तिने पुन्हा मोजला. मग मी मोजला. मग मी खिडकीजवळ जाऊन मोजला, कारण प्रकाश चांगला होता. १८०.५८.

“पोलाद वाढत नाही,” मी म्हणालो. इतके निर्विवाद विधान करूनही मी इतका एकटा पडल्याचे मला आठवत नाही. “बारा सप्टेंबरला हा १८०.०० होता. घासला तर लहान होईल, मोठा कधीच होणार नाही. ताण नाही, उष्णता नाही. पोलाद वाढत नाही.”

“वाढत असंल बाप्पा,” शोभाताई डबा उघडत म्हणाल्या. “ह्यांच्या हातचा आहे तो.”

कवडूभाऊ दारात उभे होते. आपल्याबद्दल काय ठरते ते ऐकायला आले होते, आणि आम्ही पोलादाविषयी बोलत होतो, त्यामुळे त्यांना थोडे सैल वाटले असावे.

“पोलाद कायले वाढते साहेब,” ते म्हणाले. “तो शेंदूर हाय.”

मी मास्टर टेबलावर ठेवला.

“कोणता शेंदूर?”

“खंडेनवमीचा. पूजेत नाई का लावत? दरसाल लावतो ना जी. तुमाले नाई माहीत?”

मला नव्हते माहीत. कारखान्यात बारा माणसे काम करतात. मोजमापाची जबाबदारी असलेला माणूस सोडून बाकी अकरा जणांना माहीत होते. खंडेनवमीला यंत्रांना हार घालून, हत्यारे मांडून पूजा होते. त्या वेळी थांबायचे नाही हा माझा नेम आहे. मी दुपारी बारालाच घरी निघतो. गेली सतरा वर्षे हा नेम मी एकदाही मोडलेला नाही. आमच्या शेडमध्ये एवढ्या निष्ठेने दुसरे कुणी काही पाळत नसेल.

मयुराने मास्टर उलटा केला. मोजायच्या कडेच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढ्या आकाराचा एक थर होता. शेजारच्या लाल रंगातच तो मिसळून गेला होता, आणि दर सोमवारी यंत्रावर दाबला गेल्याने इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. तिने नख लावून पाहिले. नख मोडले. मग मी ब्लेडने तो अलगद उचलला. तो एकसंध निघाला. मी तो वेगळा मोजला: ०.५९ मिलिमीटर. उरलेल्या ०.०१चा फरक मी मोजणीतली त्रुटी म्हणून मान्य करतो.

“पण नेमका कडेवरच काहून लावला?” मोहितने विचारले.

“बाबू, तितलीच जागा चकचकीत हाय. भिंतीले टेकवून उभा केला का तेच समोर येते. देवाच्या पाठीले लावते का कोनी?”

“आणि डाव्याला?”

“डावा पुन्याचा हाय,” कवडूभाऊ म्हणाले. “त्याले कायचा मान?”

डाव्या मास्टरच्या अचूकतेचे संपूर्ण स्पष्टीकरण एवढेच होते.

मोहितचा चेहरा उजळला. “म्हणजे कवडूकाकांनीच लावला! झालं, मानवी चूक.”

“थांबा,” मी म्हणालो. “कवडूभाऊ, शेंदूर दरवर्षी लावता?”

“एकतीस साल. पयले रामाजी लावत, मंग मी. एकतीस साल काई नाई झालं, म्हनून तर माह्या डोक्यातच नाई आलं. शेंदरानं होत असतं तर पयल्याच साली झालं असतं ना जी.”

हा युक्तिवाद मी माझ्या विद्यार्थिदशेत फार मेहनतीने शिकलो होतो. तीस निरीक्षणे, परिणाम शून्य; एकतिसावे निरीक्षण, परिणाम ०.५९. म्हणजे शेंदूर एकटा पुरेसा नाही. यंदा आणखी काहीतरी बदलले असले पाहिजे.

“शेंदूर कशात कालवला होता?”

“तेलात. अजून कायच्यात कालवतात?” शोभाताई म्हणाल्या. मग डब्याकडे वळत, “यंदा जवसाचं होतं. तिळाचं चांगलं मिळतच नाई वं मयुरा, सब मिलावट. मी माहेरून घाण्यावरचं जवसाचं आणलं. शेंदूरही इतवारीतून आणला, खरा, वजनदार. ते पुडीतलं रंगाचं नाई आणलं. पूजेत कायले कंजूषी करायची?”

तिळाचे तेल वर्षभर तेलच राहते. त्यात कालवलेला शेंदूर पहिल्याच सोमवारी यंत्रावर पुसला जातो. जवसाचे तेल हवा लागली की आटून कडक होते. रंगकाम करणारे त्याचा उपयोग त्यासाठीच करतात. आणि खरा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. तो या क्रियेला आणखी वेग देतो. जवसाचे तेल आणि शेंदूर यांचे मिश्रण एकेकाळी लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून लावत असत. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या बंद शेडमध्ये, खंडेनवमीपासून पुढच्या सोमवारपर्यंत त्याला चार दिवस निवांत मिळाले होते. शोभाताईंनी भेसळीला नकार देऊन, माझ्या माहितीतला सर्वांत टिकाऊ टिळा लावून घेतला होता.

“तरी एक प्रश्न राहतो,” मयुरा म्हणाली. “थर बसला असेल, पण वार्षिक तपासणीत प्रयोगशाळा मास्टर स्पिरिटने पुसते. मग मोजते.”

“यंदा तपासणी पूजेच्या आधी झाली,” मी म्हणालो.

“आणि दरवर्षी?”

मी उत्तर देण्याआधी तिने फाइल ओढून घेतली होती. सोळा वर्षे तपासणी नोव्हेंबरात होत आली होती. पूजा ऑक्टोबरात, पुसणे नोव्हेंबरात. कुणी ठरवले नव्हते, पण व्यवस्था बरोबर होती. यंदा तारीख सप्टेंबरात आली होती. तिच्यासोबत एक टिपण जोडले होते, ते मयुराने मोठ्याने वाचले: “‘धार्मिक कार्यक्रमांमुळे मापनकार्यात येणारा व्यत्यय टाळण्यासाठी वार्षिक तपासणी यापुढे नवरात्रापूर्वी करण्यात यावी.’ खाली सही कुणाची आहे, सर?”

“माझी,” मी म्हणालो.

शोभाताईंनी माझ्यापुढे ताटली सरकवली. त्या दिवशी डब्यात कोथिंबिरीची सुंदर सांबारवडी होती. मी एकच खाल्ली.

*

शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पहिला रकाना भरून झाला होता. फॉर्ममध्ये मूळ कारणाचे सहा प्रकार दिले होते: माणूस, यंत्र, माल, पद्धत, मापन, पर्यावरण. धर्म हा प्रकार नव्हता आणि तो असायला हवा होता असेही मला वाटत नाही. मी मापन निवडले.

दुसऱ्या रकान्यावर अनपेक्षित गर्दी झाली.

“शेंदूर म्या लावला,” कवडूभाऊ म्हणाले. “आता समजलं का कायनं झालं. आता माह्यं नाव लिहा, माह्यं काई नाई. पीस नाई चुकला ना? बस.”

“तेल मी आणलं,” शोभाताई म्हणाल्या. “माह्यं लिहा. मले कोण काढते इथून?”

“आई, तू कारखान्याची मालकीण आहेस. मालकीण जबाबदार लिहिलं तर ऑर्डर जाईल.” मोहित घाम पुसत होता, डिसेंबरात. “सर, ‘हवेतला दमटपणा’ टाकू. पर्यावरण. हवेले कोणी नोटीस देत नाही.”

“नागपुरात डिसेंबरात दमटपणा नसतो.”

“त्यांना दक्षिणेत काय माहीत?”

शेंदूर एकतीस वर्षे लागत होता. तेल बदलले तरी नोव्हेंबरातल्या स्पिरिटने ते पकडले असते आणि वाया गेले असते ते फार तर शे-दीडशे नग. ते पकडणारे जाळे मीच काढून टाकले होते, आणि का, तर त्या दिवशी तिथे काय होते हे मला पाहायचे नव्हते. पाहिले असते तर एका मिनिटात कळले असते. त्याला पदार्थविज्ञान लागत नाही. मी रकान्यात माझे नाव लिहिले: चंद्रभान, गुणवत्ता प्रमुख. अक्षर नेहमीसारखेच आले.

“आता तिसरा,” मोहित खचल्या आवाजात म्हणाला. “सर, तुमाले काढलं तर क्वालिटी कोण पाहीन?”

“काढायची गरज नाही,” मयुरा म्हणाली. ती काल म्हणाली होती की अहवाल तिच्यासमोर भरला पाहिजे, म्हणून पुन्हा आली होती. या वेळी चहा घेत होती. “कारवाई मूळ कारणावर हवी. मूळ कारण काय? संबंधित अधिकारी पूजेला गैरहजर. मग लिहा, सर.”

तिने सांगितले आणि मी लिहिले. भाषा माझी आहे, कारण तिची फार थेट होती: ‘गुणवत्ता प्रमुख यापुढे दरवर्षी खंडेनवमीच्या पूजेस आरंभापासून समाप्तीपर्यंत उपस्थित राहतील व पूजासाहित्य मोजायच्या कडेपासून दूर असल्याची खात्री करतील. पुरावा: छायाचित्र. वार्षिक तपासणी पूर्ववत नोव्हेंबरात.’

चार वाजून चाळीस मिनिटांनी अहवाल गेला. चार एकोणपन्नासला ‘स्वीकृत’ असे उत्तर आले. त्या डबे-कारखान्याने तीन वर्षांत वेळेआधी केलेली ही माझ्या माहितीतली एकमेव गोष्ट.

कवडूभाऊंनी छापील प्रत हातात घेतली, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा खालपासून वर वाचली.

“माह्यं नाव कुठंच नाई?”

“नाही.”

पुसून स्वच्छ केलेल्या मास्टरवर जुळवलेल्या यंत्राने त्यांनी एक उजवा ब्रॅकेट बनवला, पेराने वाजवला आणि कान लावला. “आवाजाले भेग समजते साहेब, माप नाई समजत,” ते म्हणाले. “माप तुमी पाहा.” मी पाहिले. १८०.०१.

नवे चारशे बत्तीस उजवे ब्रॅकेट अकरा दिवसांत तयार होऊन रवाना झाले. पुढच्या आठवड्यात पोच आली: माल मिळाला, गोदामात ठेवला आहे, हात धुण्याच्या बेसिनचे नळ न आल्याने पुढील जुळणी स्थगित. मोहितने ते पत्र दोनदा वाचले, मग कुठून तरी नळवाल्याचा नंबर मिळवून त्याला फोन लावला.

“टेन्शन नका घेऊ भाऊ,” तो फार मायेने म्हणाला. “आरामात बनवा.”

*

कवडूभाऊ मार्चअखेर निवृत्त झाले. गाडी तोवर निघाली नव्हती. नळ आले होते, पण त्यांना पाणी देणाऱ्या टाकीची उंची बदलली होती. ते बायकोला घेऊन जुन्याच गाडीने गेले, खालच्या बर्थवर.

खंडेनवमी जवळ आली तेव्हा मी मोहितला सुचवले की पूजेसाठी मास्टरची लाकडी प्रतिकृती करावी. मोहितला पटले. शोभाताईंनी कवडूभाऊंना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

“लाकडाची काहून?” ते म्हणाले. “लाकूड काम करते का वर्षभर? काम त्यानं करायचं आन् हार दुसऱ्यानं घालून घ्यायचा?”

मग मी आरेखन काढले. मास्टरच्या मागच्या बाजूला, मोजायच्या कडेपासून नव्वद मिलिमीटर अंतरावर, बारा मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, मध्यबिंदूची सहनमर्यादा अधिक-उणे दोन मिलिमीटर, थराच्या जाडीला मर्यादा नाही, तेल, तिळाचे. डाव्यालाही तेवढेच वर्तुळ काढले. पुण्याचा म्हणून त्याला वगळण्याला काही आधार नव्हता. आरेखनाला क्रमांक दिला आणि यंत्राशेजारी चिकटवले.

त्या दिवशी मी बारा वाजता घरी गेलो नाही. झेंडूचे हार झाले, नारळ फुटला, आणि शोभाताईंनी वाटी माझ्या हातात दिली. “चंद्रभानजी, आता तुमीच लावा. तुमची मापं तुमाले माहीत.” पुराव्याच्या छायाचित्रासाठी मयुराने मोबाइल सरळ धरला. मी शेंदरात अंगठा बुडवून वर्तुळावर टेकवला. तिने नंतर दाखवलेल्या छायाचित्रात माझा चेहरा एखादा गुंतागुंतीचा मापक वाचत असल्यासारखा आहे. तिच्या तपासणीपत्रकावर लिहिले होते: उपस्थिती, समाधानकारक. भक्तिभाव, लागू नाही.

खास बोलावलेले कवडूभाऊ धुतलेला सदरा घालून पुढे आले आणि त्यांनी खिशातून स्वतःची जुनी पोलादी पट्टी काढली. ती वर्तुळाला लावली, डोळे बारीक केले.

“दीड मिलिमीटर खाली झाला, साहेब.”

“सहनमर्यादेत आहे.”

त्यांनी आरेखनाकडे पाहिले, बोट ठेवून आकडा वाचला आणि मान हलवली. मग उजवा मास्टर हातात उचलला, पेराने एकदा वाजवला, कान लावला. अकरा माणसे, मयुरा आणि मी भोवती उभे होतो.

“बरोबर हाय,” ते म्हणाले.

हार काढण्याआधी मी मयुराचा व्हर्नियर मागून घेतला आणि उजवा मास्टर मोजून पाहिला: १८०.००. मग त्यांच्या निदानांची जुनी वही उघडून एकसष्टावी नोंद केली: निदान, बरोबर.